वेळापत्रकात आहोत, यादीत नाही

गोष्ट २०१८ सालच्या जून महिन्यातली आहे. आदल्या वर्षी नववीची पुस्तके बदलली होती, त्या वर्षी दहावीची बदलली. नांदेडमधल्या एका उर्दू हायस्कूलमध्ये आम्ही तेव्हा विज्ञान शिकवत होतो. आमची बी.एस्सी. प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राची. पण हंगामी शिक्षकाला त्याचा विषय विचारून कोणी तास देत नाही, कुठला तास रिकामा आहे ते बघून विषय देतात. त्यामुळे भौतिक, रसायन, जीव सगळे आमच्याच गळ्यात होते. नववीचे दोन वर्ग आणि दहावीचे दोन वर्ग. शाळेच्या वेळापत्रकात आमच्या नावाची आद्याक्षरे सगळ्यात जास्त वेळा लिहिलेली असत.

एके दिवशी नव्या पुस्तकाच्या प्रशिक्षणाचे पत्र आले. प्रत्येक शाळेने विज्ञानाचे एक शिक्षक पाठवावेत, असे त्यात होते. सदर मुदर्रिस साहेबांनी पत्र वाचले, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "मास्टर, भेजना तो तुमकू होना. पर तुम्हारी मान्यता नहीं ना." मान्यता म्हणजे शिक्षणाधिकारी कार्यालयाची वैयक्तिक मान्यता. ती असेल तर माणूस शिक्षक, नसेल तर तो नुसता शिकवणारा.

शेवटी एका बुजुर्ग सरांना पाठवले गेले. ते पाचवी-सहावीला शिकवत, त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. माणूस मोठ्या दिलाचा. प्रशिक्षणाहून परतल्यावर त्यांनी पिशवी, वही, पेन आणि हस्तपुस्तिका सगळे आमच्या हातात ठेवले. म्हणाले, "लेव मास्टर, तुम्हारे काम का है. हमकू तो वहाँ नींद आ री थी." आम्ही हसलो, तेही हसले. हस्तपुस्तिका मराठीत होती. रात्री बसून आम्ही तिचे उर्दू करू लागलो. परावर्तनाला इनइकास, अपवर्तनाला इनइताफ. शब्द सापडत होते, पण त्या सभागृहात जे करून दाखवले होते ते पुस्तिकेत कुठून येणार?

दहावीच्या त्या पुस्तकात भिंगांचा धडा आहे. भिंगाच्या सूत्रात आणि गोलीय आरशाच्या सूत्रात एका चिन्हाचा फरक असतो. आरशाच्या सूत्रात बेरीज आणि भिंगाच्या सूत्रात वजाबाकी. पुस्तकात बरोबर छापलेले होते. पण आम्ही सवयीने, जुन्या आठवणीवर विसंबून, फळ्यावर भिंगाखाली आरशाचे सूत्र लिहिले आणि तेच पोरांकडून पाठ करून घेतले. आपल्याकडची मुले छापील पुस्तकापेक्षा उस्तादाच्या हातावर जास्त विश्वास ठेवतात. मार्चमध्ये परीक्षा झाली. पेपरानंतर वर्गातली एक हुशार मुलगी भेटायला आली. खाली मान घालून म्हणाली, "सर, आपने लिखाए सो फार्मूले में निशानी उलटी थी." आम्ही गप्प. मग तीच आमची समजूत काढत म्हणाली, "कोई बात नहीं सर, दोच मार्क का था."

ते दोन मार्क आम्ही आजवर विसरू शकलो नाही. कुणाला वाटेल, एवढ्याशा चुकीचे एवढे काय! पण आम्हाला त्या दिवशी एक गोष्ट उमगली. हंगामी माणसाला शिकू दिले नाही तर नुकसान फक्त त्याचे होत नाही, त्याच्या समोर बसलेल्याचेही होते. आणि त्याच्या समोर बसलेले मूल बहुधा गरिबाचेच असते. चूक आमची होतीच, ती आम्ही नाकारत नाही. पुस्तक नीट वाचायला हवे होते. पण जो वर्गात उभा राहणार आहे त्याला घरी ठेवून जो उभा राहणार नाही त्याला प्रशिक्षणाला पाठवायचे, ही रीत कुठली?

आमच्या घरात 'हंगामी' हा शब्द नवा नव्हता. आमचे दादामियाँ बदली कामगार होते. कापड गिरणीत कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी ज्याला काम मिळते तो बदली. नांदेडला उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर अर्ध्या शहराचे घड्याळ चालायचे, असे जुनी माणसे अजून सांगतात. आज तो भोंगा नाही. पण दादामियाँ सांगत ती एक गोष्ट घरात राहिली आहे. ते नवे असताना एक जुना विणकर त्यांना पाळी सुटल्यावर थांबवून घ्यायचा. तुटलेला धागा कसा जोडायचा, माग कशाने अडतो, हे हाताला हात लावून शिकवायचा. तो युनियनचा माणूस होता. कुणी त्याला विचारले की बाबा, हा बदलीवाला, उद्या येईल न येईल, याच्यावर वेळ कशाला घालवतोस? तर तो म्हणे, "इसकू काम सिखाव. हक ये खुद मांग लेता."

दादामियाँ हे वाक्य सांगताना नेहमी हसत. आम्हाला लहानपणी त्यात विशेष काही वाटत नसे. मोठेपणी, स्वतः बदलीवाले झाल्यावर, त्या विणकराचे शहाणपण कळले. ज्याच्या हाताला काम येते त्याला सहज हाकलता येत नाही. आणि ज्याला सहज हाकलता येत नाही तोच मान वर करून बोलू शकतो. त्या विणकराला युनियनचे काम आणि शिकवण्याचे काम वेगळे वाटत नव्हते.

आमच्या वेळेस मात्र ही दोन्ही कामे वेगळी झाली होती. दरवर्षी संघटनेचे पदाधिकारी पावती पुस्तक घेऊन शिक्षक खोलीत येत. एकेकाची वर्गणी घेत. आमच्यापाशी आले की पुस्तक मिटत आणि प्रेमाने खांद्यावर हात ठेवून म्हणत, "तुमची मान्यता आली की या, पहिली पावती तुमची." मोर्चाच्या दिवशी मात्र मान्यतेचा प्रश्न येत नसे. वजिराबादच्या रस्त्याने कलेक्टर कचेरीवर जाताना बॅनरचे एक टोक आमच्या हातात असायचे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ७ ते ९ तारखेपर्यंत राज्यभर तीन दिवसांचा संप झाला. आम्हाला सांगितले, तुम्हीही येऊ नका, संपाला गालबोट लागेल. आम्ही गेलो नाही. आम्हाला तासाप्रमाणे पैसे मिळत. त्या महिन्यात तीन दिवसांचे तास कमी भरले आणि त्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. जुन्या पेन्शनची मागणी न्याय्य होती, आजही आहे. पण ज्याला पगारच नाही त्याने पेन्शनसाठी तास बुडवायचे आणि त्याच्या तासाबद्दल संघटनेने चकार शब्द काढायचा नाही, हे काही आमच्या मनातून जाईना.

आपल्या राज्यात हंगामी शिक्षकाची जात एक नाही. कुणी विनाअनुदानित शाळेत आहे, कुणी तासिका तत्त्वावर आहे, कुणी रजेच्या जागी आहे. २००० साली सरकारने शिक्षणसेवक योजना आणली. तीन वर्षे मानधनावर काम, मग कायम वेतनश्रेणी. पुढे बरीच वर्षे हे मानधन प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होते. २०२३ मध्ये ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे, त्यात परिवीक्षा आहे, दाद मागायला शाळा न्यायाधिकरण आहे. पण हा सगळा आसरा रीतसर नेमलेल्या माणसासाठी. ज्याची नेमणूकच कागदावर धड नाही तो कुठल्या कलमाखाली उभा राहणार? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये उमादेवी प्रकरणात सांगून टाकले की केवळ बरीच वर्षे हंगामी काम केले म्हणून सरकारी नोकरीत कायम होण्याचा हक्क मिळत नाही. म्हणजे वर्षे मोजून उपयोग नाही. मग हंगामी माणसाजवळ उरते काय? त्याला काय येते, एवढेच उरते. आणि ते वाढवण्याचा दरवाजाही त्याला बंद!

यात आपल्या समाजाचा वाटा किती, हे वेगळे सांगायला नको. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिले की नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुसलमानांचे प्रमाण कमी आहे आणि असंघटित कामांत जास्त आहे. गॅरेजमधला पोऱ्या, बेकरीतला कारागीर, वेल्डिंगच्या दुकानातला हेल्पर, हे सगळे बिनकागदाचे. पण त्यांना निदान उस्ताद असतो. शिव्या देत का होईना, तो हातात पाना देतो. आमच्यासारख्या पदवीवाल्या हंगामींना तोही नाही. बी.एड. झाले म्हणजे शिकणे संपले, असे सगळ्यांनी धरून चालायचे.

२०१७ ची अभियोग्यता चाचणी आम्ही दिली होती, पात्रता परीक्षा त्याआधीच पास झालो होतो. पवित्र पोर्टलवरून २०१९ मध्ये निवड झाली आणि लातूर जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे टाकत एसटी लातूरकडे निघाली तेव्हा अम्मीने बांधून दिलेली पोळी आणि अंडे मांडीवर होते आणि खिशात सहा हजारांच्या नोकरीचा कागद होता. नांदेडला त्याहून फार कमी मिळत नव्हते. पण इथे एक फरक होता. इथे आमचे नाव यादीत होते.

पहिल्यांदा प्रशिक्षणाला बोलावणे आले तो दिवस आम्हाला ईदसारखा वाटला. इस्त्रीचे कपडे घालून वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो. हजेरीच्या कागदावर सही करताना हात किंचित थरथरला. शेजारचे सर जांभई देऊन म्हणाले, "आलं बाबा पुन्हा प्रशिक्षण!" त्यांचेही चूक नव्हते. कित्येकदा ही प्रशिक्षणे म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणे, दुपारचे जेवण आणि फोटो. वर्गातली मुले तिकडे वाऱ्यावर. उर्दू माध्यमाच्या माणसाला तर मराठीतून ऐकून मनात उर्दू करत बसावे लागते. तरीही त्या दिवशी एका बाईंनी साध्या दोन आरशांतून परावर्तन असे उलगडून दाखवले की आम्हाला नांदेडची ती मुलगी आठवली. ही एक दुपार आम्हाला आधी मिळाली असती तर!

२०२२ मध्ये तीन वर्षे पूर्ण झाली, कायम झालो. मानधनवाढ आमच्यानंतर आली, तिची गंमत वाटली. संघटनेचे पावती पुस्तक या वेळी आमच्यापुढे मिटले नाही. वर्गणी भरली, पावती पाकिटात ठेवली. आणि इथून पुढची गोष्ट सांगताना आम्हाला शरम वाटते. पण सांगितली नाही तर मागचे सगळे सांगणे खोटे ठरेल.

२०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. बारावी पास मुलांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिने, पुढे ती पाच महिन्यांनी वाढवली. कचेऱ्यांत आणि शाळांत ही मुले आली. आमच्या शाळेतही एक मुलगी आली. बी.एस्सी., बी.एड., पात्रता परीक्षा पास. तिचे वडील लातूरच्या मोंढ्यात हमाल. रोज दोन वाहने बदलून यायची, बेल व्हायच्या आत दारात असायची.

तिचे आम्ही काय केले? जे आमचे झाले होते तेच. पोषण आहाराच्या नोंदी तिच्याकडे, आधारची दुरुस्ती तिच्याकडे. वर्षाच्या शेवटी अपार आयडीची घाई सुटली, तीही तिच्या माथी. कुणी रजेवर असले की त्या वर्गावर तिला उभे करायचे. ती संगणकावर बसलेली असली की आम्हाला हायसे वाटायचे, आपला वर्ग निवांत घेता येतो म्हणून. प्रशिक्षणाचे पत्र आले की आम्ही जाऊ आणि परत येऊन हस्तपुस्तिका कपाटात टाकू. त्या बुजुर्ग सरांनी निदान पिशवी आणून हातात दिली होती. आम्ही तेवढेही केले नाही.

सहा महिने भरत आले तेव्हा एक दिवस तिने विचारले, "सर, सर्टिफिकेट मिलेगा बोलते. उसमें क्या लिखेंगे? मैं क्या सीखी करके लिखेंगे?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरेच विचारत होती. योजनेच्या नावात कार्य होते आणि प्रशिक्षण होते. कार्य आम्ही सगळे घेतले होते. प्रशिक्षण कुणी द्यायचे होते?

त्या रात्री झोप आली नाही. दादामियाँचा विणकर सारखा डोळ्यांपुढे येत होता. सरकारला, संस्थेला, संघटनेला नावे ठेवणे सोपे असते. पण त्या शाळेत कायम माणूस कोण होता? आम्ही. विणकराच्या जागी कोण उभा होता? आम्हीच. बदलीवाला कायम झाला की त्याला बदलीचे दिवस आठवत नाहीत, हे आम्ही दुसऱ्यांबद्दल बोलत आलो होतो.

मुदत वाढली, त्या पाच महिन्यांत थोडी भरपाई करायचा प्रयत्न केला. रोजचा एक तास तिला दिला. आम्ही मागच्या बाकावर बसायचो आणि तास संपल्यावर दहा मिनिटे बोलायचो. आठवीला परावर्तनाचा धडा आहे. तिने पुठ्ठा आणि आरशाचे तुकडे घेऊन पोरांकडून परिदर्शी करून घेतली. तिची मांडणी आमच्याहून चांगली होती, हे कबूल करायला हवे. मग एका साध्या वहीत आम्ही तारीखवार लिहून ठेवू लागलो, आज कोणता पाठ, कोणती पद्धत, काय चुकले, काय जमले. मुदत संपली तेव्हा तिच्या हातात सरकारी प्रमाणपत्र पडले आणि त्याच्या जोडीला ही वही. दुसऱ्या शाळेत मुलाखतीला गेली तर दाखवायला काहीतरी असावे, एवढाच हेतू.

या निमित्ताने आम्ही जरा वाचायला लागलो. आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्यात स्पष्ट आहे की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो, म्हणून कामगार कायदे त्याला लागू नाहीत. ठीक आहे. पण मग त्याला शिकवले तरी पाहिजे! शिकवायचे नाही म्हणून तो कामगार आणि हक्क द्यायचे नाहीत म्हणून तो शिकाऊ, असा दुहेरी फायदा कुणी कसा घ्यावा?

बाहेरच्या देशांत या प्रश्नावर संघटनांनी काय केले तेही वाचनात आले. इटलीत एजन्सीमार्फत तात्पुरते काम करणाऱ्यांसाठी फॉर्मा टेम्प नावाचा निधी आहे. एजन्सींनी मजुरीच्या ४ टक्के रक्कम त्यात भरायची आणि त्यातून या कामगारांचे प्रशिक्षण करायचे. निधीचा कारभार एजन्सींच्या आणि कामगारांच्या संघटना मिळून पाहतात. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशातही अशा कामगारांना प्रशिक्षणाची वाट मोकळी करावी असे म्हटले आहे. ब्रिटनमध्ये २००२ च्या कायद्याने संघटनेच्या शिक्षण प्रतिनिधीला मान्यता दिली. पगारासाठी भांडणारा प्रतिनिधी असतो तसाच, कुणाला काय शिकायचे आहे ते विचारून मालकाशी बोलणारा हा प्रतिनिधी.

हे सगळे परदेशातले म्हणून सोडून देऊ नये. त्या मुलीचे वडील ज्या मोंढ्यात पाठीवर पोती वाहतात, तिथली वाट आपल्याच राज्यात १९६९ मध्ये निघाली. माथाडी कायदा त्या साली झाला. हमालाला एक मालक नसतो, आज या आडतीवर, उद्या त्या. म्हणून कोणी त्याची जबाबदारी घेत नसे. संघटनांनी लढून मंडळ करून घेतले. हमालाची नोंद मंडळात, मजुरी आणि लेव्ही मंडळात, भविष्यनिर्वाह निधी मंडळातून. मालक बदलला तरी हमालाची नोंद पुसत नाही. अंगठा उठवणाऱ्या हमालांसाठी जे करता आले ते पदवीधर हंगामींसाठी का करता येऊ नये? शाळा बदलली तरी त्याने घेतलेल्या प्रशिक्षणाची, शिकवलेल्या वर्षांची नोंद पुसू नये, एवढे तरी?

आमच्या संघटनेच्या तालुका बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडल्या. पहिली, हंगामी, तासिकेवरच्या आणि मानधनावरच्या शिक्षकांना कमी वर्गणीत सभासद करून घ्यावे. दुसरी, प्रशिक्षणाची यादी पगारपत्रकावरून न करता वेळापत्रकावरून करावी. जो तो विषय त्या वर्गाला शिकवतो त्यालाच बोलवावे, मग त्याची मान्यता असो वा नसो. तिसरी, त्याच्या प्रशिक्षणाची लेखी नोंद त्याच्या हातात द्यावी आणि त्या दिवसाचे तास त्याचे बुडू नयेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असे लिहिले आहे. प्रत्येक शिक्षक म्हणजे कोण, हे संघटनेने विचारायचे नाही तर कुणी?

काहींनी मान डोलावली. एक ज्येष्ठ पदाधिकारी समजावून म्हणाले, "सर, तुमचं बरोबर आहे. पण हंगामींना प्रशिक्षण दिलं की उद्या ते कायम करा म्हणतील, आणि मग आमच्या अतिरिक्त शिक्षकांचं काय?" आम्ही म्हणालो, "साहेब, ते म्हणतीलच. तेवढ्यासाठीच तर संघटना असते." बैठकीत थोडी शांतता झाली. इतिवृत्तात लिहिले गेले, पुढील बैठकीत विचार व्हावा.

पुढील बैठक यायच्या आत दुसरेच वारे सुटले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे त्या प्रकरणाचे नाव. म्हणजे आपल्याच समाजाची एक संस्था त्यात होती. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला. पण इतर शाळांतल्या ज्या शिक्षकांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक शिल्लक आहेत त्यांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा पास व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी, असे सांगितले. ज्यांनी वीस-वीस वर्षे शिकवले त्यांची झोप उडाली. मान्यता होती, वेतनश्रेणी होती, यादीत नाव होते, तरी एका दिवसात तेही परिवीक्षेवर आल्यासारखे झाले.

त्या दिवाळीच्या सुट्टीत एका सरांच्या घरी संध्याकाळी अभ्यासवर्ग सुरू झाला. २३ नोव्हेंबरला परीक्षा होती. बालमानसशास्त्र, परिसर, गणित. शिकवणार कोण? पात्रता परीक्षा ताजी पास झालेले माणूस हवे होते. आम्ही त्या मुलीचे नाव सुचवले. तिची योजनेतली मुदत तेव्हा संपली होती, ती घरीच होती. पहिल्या दिवशी दुपट्टा नीट करत ती भिंतीवरच्या लहान फळ्यापुढे उभी राहिली. समोर पन्नाशीला टेकलेले सर वह्या उघडून बसले होते. त्यात ते पदाधिकारीही होते. तिने विचारले, "सर, कहाँ से शुरू करूँ?" पदाधिकारी म्हणाले, "बेटा, जहाँ से हमकू नहीं आता वहाँ से."

तिला मानधन द्यायचे, हे आम्ही आधीच ठरवून घेतले होते. वर्गणीतून दिले गेले. तिची पावती मात्र अजून फाटलेली नाही. आमचा ठराव अजून इतिवृत्तातच आहे, पण त्यावर आता एकट्या आमच्या नावाऐवजी सात जणांच्या सह्या आहेत. त्यातली एक सही त्या पदाधिकाऱ्यांची आहे.

आपल्या संस्था चालवणाऱ्यांना आणि संघटनांत काम करणाऱ्या भावा-बहिणींना आमची एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी प्रशिक्षणाचे पत्र आले की पगारपत्रक उघडू नका. भिंतीवर चिकटवलेले वेळापत्रक पाहा. त्या वर्गाच्या, त्या तासाच्या चौकटीत ज्याची आद्याक्षरे आहेत त्याला पाठवा. तो उद्या तुमच्या शाळेत राहील न राहील. पण आज त्याच्यासमोर जी मुले बसली आहेत ती तुमचीच आहेत.